काटा हलेना म्हणून घास सोडू नका



वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने घरातला वजनकाटा माळ्यावर टाकावा, तपासणीच्या दिवशी दवाखान्यात नर्स वजन करील तेवढे पुरे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत पुष्कळांना पटत नाही. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांना पटत नाही, आणि त्यांच्या घरच्यांना तर मुळीच नाही. एवढे मोठे ऑपरेशन केले, पोटाचा पाऊणहून अधिक भाग काढून टाकला, मग किती उतरले ते बघायचे नाही तर काय करायचे, असे मला फोनवर विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याचेच उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आपले बहुतेक वाचक साठीसत्तरीच्या पुढचे. हा विषय मुलांचा आहे, आमचा नाही, असे कोणी म्हणेल. पण मुलाचे किंवा सुनेचे ऑपरेशन झाले की घरात सूप करणारे, फोनवर चौकशी करणारे आणि काळजीपोटी सल्ले देणारे आपणच असतो. शिवाय साठी ओलांडलेल्यांचीही ऑपरेशने आता होतात. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेच्या नियमाप्रमाणे बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ असून जोडीला मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांसाठी हे आकडे अडीचने कमी धरतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो. हिशेब करून बघा. पाच फूट उंचीच्या, मधुमेह असलेल्या बाईला ७६ किलोवर, म्हणजे इथल्या भाषेत १२ स्टोनवर, हा रस्ता खुला होऊ शकतो. अशा किती बायका तुमच्या ओळखीत आहेत ते मोजा.

पोट कापून वजन उतरते ही गोष्ट आमच्या पिढीच्या नर्सेसना नवी नाही. मी मुंबईत शिकत होते तेव्हा अल्सरवर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. सिमेटिडीन नावाची पहिली चांगली गोळी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधी अल्सर हटेना की सर्जन पोटाचा भाग काढून टाकत. असे रोगी वॉर्डात हडकुळे होत, आणि गोड चहा प्यायले की घामाघूम होऊन, छाती धडधडून आडवे पडत. त्याला डम्पिंग म्हणतात हे आम्हाला तेव्हापासून पाठ. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी हेच बघितले, की अल्सरसाठी पोट कापलेली माणसे पुन्हा लठ्ठ होत नाहीत, आणि १९६६ मध्ये त्यांनी लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. मराठी घरांत मात्र या ऑपरेशनचे नाव मी प्रथम ऐकले ते २०११ साली, नितीन गडकरी यांनी मुंबईत ते करून घेतले तेव्हा. त्यानंतर ‘गडकरींचं ऑपरेशन’ म्हणून लोक मला विचारू लागले.

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशननंतर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत वजन धबधब्यासारखे खाली येते. घरात आनंदीआनंद. आणि मग तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, कोणाचे दुसऱ्या तर कोणाचे पाचव्या आठवड्यात, काटा एका जागी ठाण मांडून बसतो. आठ दिवस, दहा दिवस, कधी दोन-तीन आठवडे. कधी उलट पौंडभर वर जातो. माणूस तर दिवसाला वाटीवाटीने मोजून खात असतो. मग मनात येते, आपलेच ऑपरेशन फसले. सगळ्यांना लागू पडले, आपल्यालाच नाही.

हे फसलेले नसते. हे का होते ते समजून घ्या, म्हणजे भीती निम्मी होईल.

आपले शरीर साखरेचा एक छोटा साठा यकृतात आणि स्नायूंमध्ये ठेवते. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. सगळा मिळून तो अर्धा किलो असेल. पण प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणे एकदम कमी झाले की शरीर आधी हा साठा मोडते, आणि त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. म्हणजे पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनातले दोनेक किलो हे चरबीचे नव्हेच, साखर-पाण्याचे. ऑपरेशनच्या आधी यकृत लहान व्हावे म्हणून दोन आठवडे जो कडक आहार देतात, त्यातही हेच होते. पुढे माणूस पातळ सूपवरून दाटसर खाण्यावर येतो, शरीर सावरते, जखमा भरू लागतात, आणि मोडलेल्या साठ्यातला थोडा साठा व त्याचे पाणी शरीर परत भरून घेते.

चरबीचा हिशेब वेगळा आहे आणि तो संथ आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. समजा बाई दिवसाला ८०० कॅलरी खाते आणि तिचे शरीर १८०० जाळते. रोजची तूट १००० ची. म्हणजे रोज सुमारे १३० ग्रॅम चरबी वितळली. दहा दिवसांत १३०० ग्रॅम. आता त्याच दहा दिवसांत शरीराने १३०० ग्रॅम पाणी परत धरले, तर काट्यावर काय दिसेल? काहीच नाही. पण आत सव्वा किलोहून जास्त चरबी गेलेली असते. काटा चरबी आणि पाणी यांत भेद करीत नाही. त्यात बद्धकोष्ठाची भर घाला. ऑपरेशननंतर कोडीनच्या वेदनाशामक गोळ्या, पाणी कमी आणि भाजीपाला नाही, यामुळे चार-चार दिवस पोट साफ होत नाही. तेही वजन काट्यावर बसतेच. (आणि इंग्लंडमधल्या जुन्या घरांत न्हाणीघरातसुद्धा गालिचा असतो. गालिच्यावर ठेवलेला काटा कधीच खरे बोलत नाही.)

हे सगळे ऑपरेशनच्या आधी पत्रकात लिहिलेले असते असे डॉक्टर म्हणतील. असतेही. पण ते इंग्रजीत, बारीक अक्षरात, वीसेक पानांच्या मध्ये. आजारी माणूस तिसऱ्या आठवड्यात ती पाने उघडत नाही, तो फोन उघडतो.

गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका बाईंच्या बाबतीत जे घडले ते सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत. वय साठीच्या पुढे, पंचवीस वर्षांचा मधुमेह, गुडघे गेलेले. ऑपरेशन चांगले झाले. पहिल्या पंधरवड्यात एक स्टोन उतरला. मग काटा १६ स्टोन ४ पौंडांवर, म्हणजे १०३ किलोच्या थोडा वर, थांबला तो अकरा दिवस हलेना. अश्दोदहून नणंद रोज व्हिडिओवर विचारी, “आज किती?” ठाण्याहून धाकटी बहीण विचारी. मुलगा कामावरून आला की दारातच तोच प्रश्न. बाईंनी काय केले, तर आधी प्रोटीनची पावडर बंद केली, कारण त्यात कॅलरी असतात. मग दही बंद केले. शेवटचे चार दिवस त्या नुसत्या काळ्या कॉफीवर आणि चमचाभर सूपवर होत्या. रक्तदाबाची आणि लघवी होण्याची गोळी मात्र जुन्याच मात्रेत चालू होती, कारण ती कमी करायला अजून कोणी सांगितले नव्हते. सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या पलंगाच्या कडेला बसूनच राहिल्या, तेव्हा मुलाने मला फोन केला. “मावशी, मम्मीचं तोंड कोरडं पडलंय, ती बोलते आहे पण हळू.” मी त्याला १११ ला फोन करायला सांगितले. त्याच दिवशी सलाईन लागले, थायमिनचे इंजेक्शन दिले, गोळ्यांची मात्रा बदलली. दोन दिवसांत त्या घरी आल्या.

थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. त्याचा साठा शरीरात फार थोडा, दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच. ऑपरेशननंतर माणूस खात नसेल किंवा सारखी उलटी होत असेल तर तो संपतो, आणि मग तोल जाणे, डोळे दुहेरी बघणे, बोलण्यात गोंधळ होणे इथपर्यंत मजल जाते. वेळेवर इंजेक्शन मिळाले नाही तर मेंदूची ही इजा कायमची राहू शकते. काटा हलवण्यासाठी घास सोडणे हा असा महागाचा सौदा आहे.

शिवाय त्या सौद्यात काटाही हलत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. उपासमारीतून वाचलेल्या लोकांना परत कसे खाऊ घालावे हे त्यांना शोधायचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे पाव हिश्शाने कमी झाले, पण जसजसे दिवस गेले तसतसे उतरण्याचा वेग मंदावत गेला. त्यांची शरीरे विश्रांतीत जाळत असलेले इंधन सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हातपाय थंड, मन चिडखोर, आणि घोट्यांवर सूज, म्हणजे पुन्हा पाणीच. शरीराला ऑपरेशन झाले आहे की दुष्काळ पडला आहे हे कळत नाही. खाणे तोडले की ते काटकसर करते, आणि काटकसरीत पहिला बळी स्नायूंचा जातो. तिशीतल्या मुलाचे स्नायू परत येतील. पासष्टीच्या बाईचे गेलेले स्नायू परत आणायला फार कष्ट पडतात, आणि तोवर न्हाणीघरात पडून खुबा मोडला तर कमी झालेल्या वजनाचे काय लोणचे घालायचे?

म्हणून घरच्यांना माझे सांगणे आहे, आकडा विचारणे बंद करा. मला ठाऊक आहे की प्रेमाने विचारता. पण आपल्याकडे ‘किती उतरलं?’ हा प्रश्न परीक्षेच्या मार्कांसारखा विचारला जातो, आणि उत्तर देणाऱ्याला नापास झाल्यासारखे वाटते. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद या बाईला सुमारे ५०० किलो वजन असताना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले होते, ते तुम्हाला आठवत असेल. मुंबईहून येणाऱ्या बातम्यांत तिचे उतरलेले किलो असत. शेवटी त्या आकड्यावरूनच तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले, आणि सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. त्या वादात कोण खरे हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण अंथरुणाला खिळलेली बाई आधाराने बसते का, घास गिळते का, हे मला वाचायचे असे, आणि ठळक अक्षरांत मात्र किलोच छापून येत.

मग विचारायचे काय? ‘आज पाणी किती प्यालीस?’ हे विचारा. दिवसाला दीड ते दोन लिटर, घोट घोट करून, आणि जेवणाबरोबर नव्हे, जेवणानंतर अर्ध्या तासाने. ‘जिना चढताना दम लागला का?’ हे विचारा. ‘साखर किती आली?’ हे तर जरूर विचारा. बायपासनंतर मधुमेह कित्येकदा काही दिवसांतच सुधारू लागतो, वजन फारसे उतरण्याच्या आधी. लंडनमधल्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक फ्रान्चेस्को रुबिनो यांनी बरीच वर्षे याच गोष्टीवर काम केले आहे. आतड्यांतून निघणारी संप्रेरके बदलतात, इन्सुलिन नीट काम करू लागते. वर सांगितलेल्या बाईंचा काटा अडलेला होता त्याच अकरा दिवसांत त्यांचे इन्सुलिन निम्म्यावर आले होते. ही बातमी अश्दोदला कोणी कळवली नाही.

घरात मोजमाप हवेच असेल तर शिंप्याची टेप घ्या. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा असे नाइसने २०२२ पासून सांगितले आहे. पाच फुटी बाईसाठी तो ७६ सेंटिमीटर. तिथवर पोहोचायला वेळ लागेल, पण महिन्यातून एकदा टेप लावली तर काटा अडलेला असतानाही ती सैल झालेली दिसते. दुसरे मोजमाप म्हणजे खुर्ची. हात छातीवर घडी करून, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकवून, शेजारी कोणीतरी उभे ठेवून. माझ्या मते साठीपुढच्या माणसासाठी हा आकडा किलोपेक्षा मोलाचा आहे.

यावर एक आक्षेप मला माझ्याच जुन्या मैत्रिणींनी घेतला आहे. त्याही नर्स. त्या म्हणतात, नियमित वजन करणाऱ्यांचे वजन पुढे आटोक्यात राहते, मग तू काटा का लपवतेस? त्यांचे म्हणणे खरे आहे, पण ते पुढच्या काळासाठी. वर्ष-दीड वर्ष झाले, वजन स्थिरावले, की आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, न्याहारीच्या आधी, कडक जमिनीवर काटा ठेवून वजन करावे आणि वहीत लिहावे. तेव्हा चढलेले तीन-चार पौंड ही खरी सूचना असते. तिसऱ्या आठवड्यातले तीन पौंड ही सूचना नसते, नुसता गोंगाट असतो.

बाहेरदेशी जाऊन ऑपरेशन करून येणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. इथली प्रतीक्षायादी लांब, म्हणून लोक तुर्कस्तानला जातात, आपले काही मुंबईला जातात. मुंबईचे सर्जन उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण माणूस दहा-बारा दिवसांत क्रॉयडनला परततो, आणि नेमका तिसरा आठवडा त्याला सर्जन, आहारतज्ज्ञ, नर्स यांच्यापैकी कोणीही जवळ नसताना गाठतो. इथल्या नियमाप्रमाणे ऑपरेशन करणाऱ्या पथकाने किमान दोन वर्षे पाठपुरावा करायचा असतो, त्यानंतर जीपीने वर्षातून एकदा रक्त तपासायचे असते. बाहेरून करून आलेल्याला यातले काय मिळेल हे जाण्याआधी आपल्या जीपीशी बोलून ठरवा, आल्यावर नव्हे. आणि ऑपरेशन कुठेही होवो, तिसऱ्या आठवड्यात नर्सने आपणहून एक फोन करावा, अशी माझी मागणी आहे. दहा मिनिटांचा फोन. त्याने किती सलाईनच्या बाटल्या वाचतील.

आता खाण्याविषयी, कारण आपल्या घरांत यात एक खास अडचण आहे. ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जावे लागते, आणि पोट तर कपाएवढे. म्हणून दवाखान्यातून प्रोटीनची पावडर देतात. ती बहुधा व्हे म्हणजे दुधाची असते. आता दुपारी मटणाचे सूप घेतले की कश्रुत पाळणाऱ्या घरात पुढचे काही तास दूध नाही, मग पावडरही नाही, आणि पाहता पाहता दिवसाचे दोन हप्ते बुडतात. माझा सल्ला असा, की दूध, दही, पनीर, व्हे हे सगळे सकाळपासून दुपारपर्यंत उरकावे. मासे आणि अंडी कुठेही बसतात. कोंबडी किंवा मटण रात्रीच्या घासाला ठेवावे. आणि रात्रीसाठी वाटाण्याची किंवा सोयाची पावडर घरात असू द्यावी, तिला दुधाचे बंधन नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम माशात सुमारे २० ग्रॅम, पेलाभर दुधात ७ ग्रॅम असा अंदाज धरा. सुरमई किंवा पापलेट उकडून, काटे काढून, काट्या-चमच्याने कुस्करलेले पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांना सोसते. बिरड्याची उसळ मऊ शिजवून गाळणीतून काढली तर तीही चालते. भात, चपाती आणि पाव मात्र चिकट गोळा होऊन अडकतात, त्यांची घाई करू नका. अर्थात तुमच्या आहारतज्ज्ञाने जे टप्पे दिले असतील, पातळ, दाटसर, मऊ, ते पहिले. मी त्यांच्यावर कुरघोडी करीत नाही.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांना जिलेटिनचे कवच असते म्हणून एकीने त्या कचऱ्यात टाकल्याचे मला कळले. अहो, फार्मसिस्टला विचारा, चघळायच्या किंवा जिलेटिन नसलेल्या गोळ्या मिळतात. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत, आणि बी-१२ चे इंजेक्शन सहसा दर तीन महिन्यांनी.

पुढे, बारा ते अठरा महिन्यांनी, काटा पुन्हा थांबतो. हे थांबणे वेगळे. शरीर नव्या वजनावर स्थिरावलेले असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार माणसांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर टिकून होते. म्हणजे थोडे परत येतेच, सगळ्यांचेच येते. १०० किलोचा माणूस ७५ वर राहिला तर डॉक्टर त्याला यश म्हणतात. घरच्यांनी ६० ची आशा धरली असेल तर तो दोष ऑपरेशनचा नाही. मात्र या टप्प्यावर नारळाच्या दुधाच्या आमट्या, फरसाण, दिवसभर थोडे थोडे चरणे याकडे बघायला हवे. पहिल्या महिन्यात नाही, आता.

इंजेक्शनवाल्यांनाही हेच लागू. २०२५ च्या जूनपासून इथे जीपींमार्फत मौंजारो टप्प्याटप्प्याने मिळू लागले आहे, आणि त्यावरही वजन काही महिन्यांनी थांबते. तेव्हाही जेवण तोडू नका, आणि डोस आपल्या मनाने वाढवू नका.

सणांविषयी मला दरवर्षी विचारतात, ते आताच सांगून ठेवते. मलिद्याचा एक चमचा, नीट चावून, चालेल. चिकाच्या हलव्याचा नखाएवढा तुकडा. किद्दुशच्या मनुकांच्या सरबताचा ओठ ओले होतील इतका घोट, पेलाभर नाही, नाहीतर मघाशी सांगितलेल्या अल्सरच्या रोग्यांसारखी गत होईल. आणि किपूरचा उपास ऑपरेशनच्या पहिल्या वर्षी धरायचा नाही, असे मी तरी प्रत्येकीला सांगते. आजाऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्याने उपास करू नये हा आपल्या धर्माचाच नियम आहे. सर्जनचे मत लिहून घ्या आणि ते घेऊन रब्बींकडे किंवा आपल्या हझानकडे महिनाभर आधी जा, आदल्या संध्याकाळी नव्हे. थोडे थोडे, अंतर ठेवून पाणी घेण्याची रीत ते समजावून देतील, आणि पोट कपाएवढे झालेल्या माणसाला तसेही घोटाघोटानेच प्यायचे असते. सिनेगॉगमध्ये बसताना बाटली पिशवीत ठेवा. कोणी बघितले तर बघू दे.

उलटी दोन दिवसांहून जास्त चालली, पाणीही ठरेना, ताप आला, डाव्या खांद्यात किंवा पोटात जोराची कळ आली, एका पोटरीला सूज आली, छाती सारखी धडधडू लागली, तर मला फोन करू नका. आधी दवाखान्याच्या मदत क्रमांकाला किंवा १११ ला, आणि श्वास लागत असेल तर सरळ ९९९ ला करा. इस्राएलमधल्या वाचकांनी १०१ लावावा, भारतातल्यांनी १०८. मला मागाहून कळवले तरी चालेल.